खाडीकडे पाठ फिरवलेला दगड

त्या गावाचं नाव मी देणार नाही. कोलशेतच्या पुढे खाडीच्या काठाकाठाने चालत गेलं की ते लागतं, एवढं पुरे. नाव दिलं तर ठाण्याची काही सभ्य मंडळी मला पत्रं लिहीत बसतील, आणि असल्या पत्रांना उत्तरं द्यायची हौस मला उरलेली नाही. आमच्या वाईहून लोक काशीला जातात, रामेश्वरला जातात. मिठागरं बघायला कोण जातंय? मीही गेले नसते. मला तिकडे नेलं ते एका दगडाने.

माझा भाचा श्रीधर डोंबिवलीला राहतो. माघात त्याने मला वर्तमानपत्राचं एक कात्रण पाठवलं. त्यात एक अंधुक फोटो होता. गळ्यात हार घातलेले एक गृहस्थ, त्यांच्या आजूबाजूला टोप्याच टोप्या, आणि मधोमध एक दगड. खाली लिहिलं होतं की दोन वर्षांपूर्वी खाडीत होडी उलटून जे मेले त्यांच्या स्मारकाचं अनावरण थाटात पार पडलं. ‘थाटात’ हा शब्द वाचूनच माझं डोकं फिरलं. त्या होडीत माझी यमुना होती.

यमुना आणि मी पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात दोन वर्षं एका खोलीत राहिलो. तिला नवऱ्याने टाकलेलं. शिकून झाल्यावर मला वाईच्या मुलींच्या शाळेत जागा मिळाली आणि ती ठाणे जिल्ह्यातल्या या खाडीकाठी मुलींच्या शाळेवर गेली. महिन्याला एक पत्र यायचं. एकदा तिने लिहिलं होतं, ‘इथे बायकांना नावंच नाहीत गं. विचारलं की पदर तोंडाला लावून हसतात.’ मी त्यावर काय उत्तर दिलं ते आठवत नाही. बहुधा हवापाणी विचारलं असेल. होडी उलटली त्या दिवशी पलीकडच्या काठावरच्या एका मुलीला शाळेत घाला म्हणून तिच्या आईबापांना सांगायला ती गेली होती, आणि मिठागरातून घरी परतणाऱ्या बायकांच्या होडीत बसून परत येत होती.

मी कात्रणावर भिंग धरलं. दगडावर अक्षरं होती पण वाचता येईनात. यमुनाला मागे कुणी नव्हतं. तिचं नाव जगात कुठे लिहिलेलं उरलं असेल तर ते त्या दगडावर, आणि ते मला डोळ्यांनी बघायचं होतं. वार्षिक परीक्षा आटोपल्या, पेपर तपासून टाकले आणि निघाले.

डोंबिवली

श्रीधरच्या दोन खोल्या स्टेशनपासून दहा मिनिटांवर. भातखाचरांच्या मधे मधे नवी घरं उभी राहताहेत. एका खिडकीतून चाळ दिसते आणि दुसरीतून म्हैस. आमच्याकडे शेजाऱ्याच्या पणजोबांचं नावसुद्धा ठाऊक असतं. इथे सगळेच काल आलेले. विहिरीवर मी कळशी टेकवली न टेकवली तोच तीन बायकांनी विचारलं, ‘मूळ गाव कुठलं तुमचं?’ एक राजापूरची, एक कराडची, एक कल्याणच्या निर्वासितांच्या कॅम्पातून पापड विकायला आलेली सिंधी बाई. तिने मला एक पापड तसाच चाखायला दिला. तो इतका तिखट होता की मी तिथेच कळशीला तोंड लावलं आणि चौघी हसलो.

रात्री जेवताना श्रीधरने मला छेडलं. ‘मावशी, अगं दगड बघायला एवढ्या लांब आलीस? मेलेल्याला दगडाचा काय उपयोग? त्यापेक्षा तिथे धक्का बांधला असता. होडी का उलटली माहितेय? उतरायला धक्का नाही. चिखलात उतरायला लागतं म्हणून सगळ्या एकदम एका बाजूला झाल्या.’

मला राग आला. राग यायचं कारण असं, की तो बरोबर बोलत होता. मी म्हटलं, ‘धक्का जिवंत माणसांसाठी मागायचा आणि दगड मेलेल्यांसाठी. एक दिलं म्हणून दुसरं बुडवायचं, असं कुणी सांगितलं?’

‘कुणीच नाही. पण धक्क्याच्या अनावरणाला हार मिळत नाही ना,’ तो म्हणाला आणि आणखी भात घेतला.

ठाणे, आणि पुढे

सकाळी ठाण्याला उतरून टांगा केला. टांगेवाला कोलशेतच्या पुढे यायला तयार होईना. ‘बाई, पुढं रस्ता नाही, घोड्याचा पाय मोडेल.’ मग चालत. शिमगा होऊन गेला होता. ऊन असं की मिठाचे वाफे पाहवेनात. दोन्ही बाजूंना पांढरं, मधे वीतभर बांध. आमच्याकडे शेतात माणसं वाकलेली दिसतात ती हिरव्यात, इथे वाकलेली दिसतात ती पांढऱ्यात. एका ठिकाणी बांध खचला होता. माझा पाय घोट्यापर्यंत चिखलात गेला आणि पाय निघाला तेव्हा चप्पल तिथेच राहिली. पन्नाशीची मुख्याध्यापिका चिखलात हात घालून चप्पल शोधत्येय, हे बघायला तिथे फक्त दोन बगळे होते, हे माझं नशीब.

आणि मग दगड दिसला. गावाच्या वेशीवर, बैलगाडीची वाट जिथे संपते तिथे चौथरा, त्यावर पुरुषभर उंचीचा काळा दगड. पुढल्या अंगाला पांढऱ्या संगमरवराची पाटी बसवलेली. तीन बाजूंना हिरव्या रंगाचं लोखंडी कुंपण, आणि फाटकाला कुलूप! स्मारकाला कुलूप! आत काय चोरीला जाणार होतं? आणि गंमत म्हणजे चौथ्या बाजूला, खाडीच्या अंगाला, कुंपणच नव्हतं. पाहुणे तिकडून येणार नव्हते ना.

मी कुंपणाबाहेर उभी राहून वाचलं. पहिल्या ओळीत, ज्यांच्या शुभहस्ते अनावरण झालं त्यांचं नाव, त्यांच्या सगळ्या पदव्यांसकट. त्याखाली स्मारक कमिटीचे अध्यक्ष, मग उपाध्यक्ष, मग चिटणीस, मग सभासद, ओळीने. मी मोजत खाली आले. अगदी तळाला, नखाएवढ्या बारीक अक्षरांत लिहिलं होतं: ‘खाडीत होडी उलटून मृत्यू पावलेल्या नाखवा धर्मा व आठ स्त्रिया यांच्या स्मरणार्थ.’

आठ स्त्रिया. मी पुन्हा वाचलं. आठ स्त्रिया! माझी यमुना त्या आठातली एक. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात गणितात पहिली आलेली, पहाटे उठून थंड पाण्याने अंघोळ करणारी, माझ्याशी आयुष्यात एकदाही खोटं न बोललेली यमुना आता ‘आठ’ या शब्दाचा आठवा हिस्सा होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी कुंपणाला धरून हलवायला लागले. काय करणार होते कुणास ठाऊक.

‘कोन गं तू, बाय?’

मागे एक म्हातारी उभी होती. कासोटा घातलेला, डोक्यावर पाण्याचा हंडा. मी म्हटलं, मी यमुनाची मैत्रीण. तिला कळेना. मग म्हटलं, ‘तुमच्या शाळेतल्या बाई...’

‘मास्तरीनबायची मैतरीन?’ तिने हंडा खाली ठेवला आणि माझे दोन्ही हात धरले. ‘उन्हान् उभी नको राव. घरा चल.’

ही पारूबाय. तिचं नाव मला तिच्या सुनेकडून कळलं, तिने स्वतः सांगितलं नाही. तांदळाची भाकरी इतकी मऊ की आमच्या बाजरीच्या भाकरीने लाजावं, वालाचं कालवण आणि बरोबर पांढरा कांदा. मी मासे खात नाही हे कळल्यावर तिने चुलीजवळचं सुक्या मासळीचं भांडं उचलून अंगणात नेलं. माझ्या नाकाची एवढी काळजी माझ्या सख्ख्या नणंदेने कधी केली नाही.

जेवताना मी विचारलं, बायकांची नावं का नाही घातली दगडावर?

‘कमिटीचा मानूस आलता ना, वही घेऊन,’ पारूबाय म्हणाली. ‘चावरीवर बसला. बाप्यांना बोलावला. एकेकाला इचारला, तुझ्या बायकोचा नाव काय?’

‘मग?’

‘मग काय? बाप्या बायकोचा नाव घेतंय का? कोन बोलला माझी बायको, कोन बोलला गण्याची आय, कोन बोलला मास्तरीनबाय. त्या मानसान् वही बंद केली नि गेला.’

‘आणि तुम्हाला नाही विचारलं? बायकांना?’

‘आमी चावरीवर कशाला जाव?’

मी भाकरीचा तुकडा हातात घेऊन तशीच बसले. त्या वहीवाल्याला मनातल्या मनात काय काय बोलले. मूर्ख! लग्नात उंबऱ्यावर अडवून नाव घ्यायला लावतात, ते एकदा, आणि तेही कवितेत. त्यानंतर नवऱ्याने बायकोचं नाव तोंडातून काढायचं नाही, बायकोने नवऱ्याचं नाही. हे महाराष्ट्रातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आणि हा शहाणा नावं विचारायला गेला ते नवऱ्यांना! चावडीवरून चार पावलं पुढे चालून एखाद्या चुलीपाशी विचारलं असतं तर आठही नावं मिळाली असती.

असं मनात म्हणत असतानाच मला आठवलं. आणि हातातला तुकडा मी ताटात परत ठेवला.

पहिल्या निवडणुकीच्या वेळी मतदारांच्या याद्या करायला शिक्षकांना पाठवत होते. मीही हिंडले होते, वही घेऊन, उन्हात, चिडलेली. एका वाडीत बायका नावं सांगेनात. मी दारात उभ्या असलेल्या पुरुषाला विचारलं, त्याने मान फिरवली, आणि मी लिहिलं: ‘वरील इसमाची बायको.’ पुढच्या घरी, ‘वरील इसमाची आई’. अशा किती लिहिल्या? मोजल्या नाहीत. मला घरी जायची घाई होती. तेव्हा मला त्यात काही वाटलं नव्हतं. आज यमुनावर आलं तेव्हा वाटलं. ठाण्याच्या त्या वहीवाल्यात आणि माझ्यात फरक एवढाच, की त्याच्या वहीचा दगड झाला.

ऊन उतरल्यावर पारूबायच्या बरोबर पुन्हा दगडाकडे गेले. कुंपणाशी एक म्हातारा उकिडवा बसला होता. डोक्याला फडकं, हातात कण्हेरीचं एक फूल.

‘हा राघोदादा,’ पारूबाय हळूच म्हणाली. ‘याची बायको गेली त्याच होरीन्. रोज फूल घेऊन येतंय.’

राघोने गजांतून हात आत घातला आणि फूल नेमून ठेवल्यासारखं पाटीच्या एका ओळीखाली टेकवलं. मग माझ्याकडे पाहिलं. मला वाचता येतं हे त्याला कुणीतरी सांगितलं असावं.

‘बाय,’ तो म्हणाला, ‘त्या दिवसा मोठा साहेब बोलला, सगली मानसं दगरावर हायेत. मना वाचाला येत नाय. मी ही वल धरलीय तिची. मोठी हाय म्हणून. हीच ना?’

ती उपाध्यक्षांची ओळ होती.

मी कधी खोटं बोलत नाही, असं मला वाटायचं. त्या क्षणी बोलले असते तर फार सोपं होतं. हो दादा, हीच, म्हणायचं आणि परतीची वाट धरायची. त्याचं फूल रोज उपाध्यक्षांना पोचत राहिलं असतं आणि म्हातारा सुखात राहिला असता. पण यमुना बाजूला उभी असल्यासारखं वाटलं. मी म्हटलं, ‘नाही, दादा. ती इथे नाही.’

‘मग कनच्या वलीन्?’

‘कुठल्याच नाही.’

त्याने गजांतून हात घालून फूल परत काढलं, मुठीत धरलं आणि दगडाला वळसा घालून खाडीच्या अंगाला गेला. तिथे जाऊन पाण्याकडे तोंड करून बसला. मी त्याच्यामागे गेले आणि तेव्हा मला जे आधी दिसायला हवं होतं ते दिसलं. गावाचं सगळं येणंजाणं पाण्याने. मिठागराला जायचं ते होडीने, पलीकडच्या बाजाराला होडीने, मुलगी सासरी जाते ती होडीने. या लोकांना दगडाची फक्त पाठ दिसते. दर्शनी बाजू आहे ती गाडीच्या वाटेकडे, आणि त्या वाटेने वर्षात एक गाडी आली, हारवाल्यांची. त्यांनी दगडाचं तोंड स्वतःकडे करून घेतलं!

पाठीचा दगड मात्र कोरा होता. काळा, खरबरीत, घडवलेला पण घासलेला नाही.

दुसऱ्या दिवशी मी ठाण्याला चिटणीसांच्या घरी गेले. हे वकील. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा दिला, आणि मी बोलत असताना मान हलवत राहिले. मी सगळं सांगितलं. नावं घाला म्हटलं, मी आणून देते.

‘बाई, तुमच्या भावना समजतात,’ ते म्हणाले. ‘पण पाटीवर जागाच नाही हो.’

‘तुमच्या सभासदांना जागा झाली.’

‘त्यांच्यामुळेच स्मारक झालं.’

‘आणि त्या बायका मेल्या नसत्या तर कशाचं स्मारक केलं असतंत?’

यावर त्यांच्या कारकुनाने कागदांत तोंड खुपसलं. वकीलसाहेब दुखावले. म्हणाले, स्मारकाचा उद्देश दुःखाला सार्वजनिक रूप देण्याचा असतो, व्यक्तींची नोंद करणं हा नसतो. हे वाक्य ते भाषणातही बोलले असणार. मी धक्क्याचं विचारलं. ‘अर्ज वर गेलेला आहे.’ तो दोन वर्षं वरच आहे.

‘मग मागच्या बाजूला घालू द्या,’ मी म्हटलं.

ते हसले. ‘मागे काय वाटेल ते लिहा, बाई. मागे कोण बघतंय?’

मी कारकुनाकडे वळले. ‘ऐकलंत ना तुम्ही? साक्षीला आहात.’ आणि चहा अर्धा टाकून उठले. आयुष्यात मी चहा कधी टाकलेला नाही.

कल्याण

पाथरवट शोधायला श्रीधर मला कल्याणच्या बाजारात घेऊन गेला. तीन दुकानं पालथी घातली. एकाने देवाच्या मूर्ती करतो म्हणून सांगितलं, दुसऱ्याने संगमरवराशिवाय हात लावत नाही म्हणून. तिसऱ्याने विचारलं, कमिटीचं पत्र आहे का? मी हात टेकले. परत येताना एका बोळात टाकी मारल्याचा आवाज आला. ओट्यावर एक वडारीण जात्याची तळी पुढ्यात घेऊन टाकी लावत होती. जातं गुळगुळीत झालं की पीठ नीट पडत नाही, म्हणून दरवर्षी टाकी लावून घ्यायची, ती. आमच्या वाईलाही अशा बायका येतात आणि त्यांना आपण ‘टाकीवाली’ म्हणतो. पुन्हा तेच. नाव कुणी विचारलंय?

मी या वेळी आधी नाव विचारलं. तिने चमकून वर पाहिलं. ‘यल्लव्वा. का?’

मी काम सांगितलं. ‘मला ल्हायाला येत न्हाई,’ ती म्हणाली.

‘मी खडूने लिहून देते. तू त्यावरून टाकी मारायची.’

‘दगड कंचा?’

‘काळा.’

‘मंग जात्याचाच की! तू चितार, मी ठोकते. नऊवारीवरच्या फुल्या काढल्यात म्या जात्यावर, अक्षरं काय मोठी लागून गेली?’

श्रीधर वाटेत म्हणाला, ‘मावशी, कुणी अडवलं तर?’ मी म्हटलं, ‘अडवू देत. मला बघायचंच आहे, कोण अडवतं ते.’ खरं सांगायचं तर भीती होतीच. मुख्याध्यापिकेवर तक्रार गेली असती तर नोकरीवर बेतलं असतं. श्रीधरला ते कळलं असावं, कारण तो दुसऱ्या दिवशी रजा टाकून बरोबर आला, आणि धक्क्याचं एकदाही बोलला नाही.

पुन्हा खाडीवर

भरतीच्या वेळी बायका मिठागरातून परत येतात. पारूबायने सगळ्यांना दगडाच्या मागे बोलावून ठेवलं होतं. यल्लव्वाने दगडावरून तळवा फिरवला, दोन ठिकाणी ठोकून पाहिलं आणि ‘चांगलाय’ म्हणाली. मी खडू घेऊन उभी राहिले. वर्गात तीस वर्षं खडू धरला, पण असा धरला नव्हता.

कुठून सुरुवात करायची? मला यमुनाचं नाव सगळ्यांत वर लिहायचं होतं. त्यासाठीच मी आले होते. पण पारूबाय म्हणाली, ‘होरीन् बसल्या व्हत्या तशा लिव.’ आणि बायकांत एकच गलका झाला. कोण नाळेवर, होडीच्या टोकाला बसलेली, कोणाच्या शेजारी कोण, कुणाच्या मांडीवर टोपली. होडी येताना काठावरून पाहिलेलं, त्यांना सगळं पाठ होतं. दोन वर्षांत कुणी विचारलं नव्हतं एवढंच. एकीने मैत्रिणीचं नाव सांगितलं, चांगुणा. एकीने जावेचं, गोमी. एका सासूने तर सुनेचं नाव सांगताना डोळे पुसले, बारकी म्हणून. मी लिहीत गेले. यमुनाचं नाव पाचवं आलं, एका बाजूला ठकू आणि दुसऱ्या बाजूला सोनी. चांगल्या शेजारणी मिळाल्या होत्या तिला, दोन्हीकडून.

सात झाली. आठव्या जागेवर राघोची बायको बसलेली. तिचं नाव कुणाला सांगता येईना. ती उरणकडून आलेली, तिला सगळ्या ‘उरणकरीण’ म्हणत. तिच्याहून मोठ्या बायका मरून गेल्या होत्या. माहेरचं कुणी उरलं नव्हतं. मूलबाळ नव्हतं, म्हणजे ‘अमक्याची आय’सुद्धा नव्हती ती.

सगळ्यांनी राघोकडे पाहिलं. तो नेहमीच्या जागी बसला होता. त्याने मान खाली घातली.

‘उरणकरीण लिव,’ तो म्हणाला.

माझा हात दगडाशी गेला होता. लिहिलं असतं. पण मला ती वाडी आठवली, ती यादी आठवली, आणि मी खडू खाली घेतला. ‘नाही, दादा. तेवढं मी आता लिहिणार नाही.’

तो उठला, निघाला. पारूबाय दोन पावलं पुढे झाली आणि बांधावर, जिथून एकाच माणसाला जाता येतं तिथे, दोन्ही हात आडवे करून उभी राहिली.

‘नाव घे, राघोदादा.’

बायका हसल्या. लग्नात हसतात तशाच. कुणीतरी मागून ओरडलं, ‘घेतल्याबिगर सोराचा नाय गं!’ राघोही कसनुसं हसला. मग त्याच्या लक्षात आलं की पारूबाय हसत नाही. यल्लव्वाने टाकी खाली ठेवली.

‘खाडीला आली भरती...’ राघो म्हणाला आणि थांबला. ‘खाडीला आली भरती, होरी लागली...’ ओठ हलत राहिले. ‘पुढचा इसरलो गं, पारू. लगनान् बोललेलो.’

‘राहू दे पुढचा.’

त्याने डोक्याचं फडकं काढलं. पाण्याकडे पाहिलं. इतक्या हळू बोलला की मला ऐकू आलं नाही, आणि मी, वर्गात ‘मोठ्याने बोल’ म्हणून मुलींवर खेकसणारी, त्याला पुन्हा विचारू शकले नाही. यल्लव्वाने विचारलं. ‘काय म्हनला त्यो?’

‘मथुरी,’ राघो म्हणाला. या वेळी मोठ्याने. आणि मग, कुणी विचारलं नसताना, तिसऱ्यांदा, ‘मथुरी.’

मी लिहिलं. ‘थु’ जरा वाकडा झाला. यल्लव्वाने तो तसाच कोरला, एक काना इकडचा तिकडे होऊ दिला नाही.

काम संपायला दुसरा दिवस उजाडला. अडवायला कुणी आलं नाही. मागे कोण बघतंय? त्या दिवशी सकाळी पहिली होडी पलीकडून आली तेव्हा मी काठावर उभी होते. बायका गुडघाभर चिखलात उतरल्या, एकमेकींना धरत, टोपल्या सावरत. धक्का नाहीच. तो होईपर्यंत या दगडावर आणखी नावं चढणार नाहीत असं मला कुणी लिहून द्यायला तयार असेल तर मी त्याचे पाय धरीन. तोवर मी दर महिन्याला त्या ‘वर गेलेल्या’ अर्जाची चौकशी करणारं पत्र टाकणार आहे, माझ्या नावासकट.

राघो फूल घेऊन आला. या वेळी त्याला कुंपण आडवं नव्हतं. ‘कनची वल?’ त्याने विचारलं. मी त्याचं बोट धरून शेवटच्या ओळीवर ठेवलं. त्याने ते पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत नेलं. तीनच अक्षरं, बोट लगेच कोऱ्या दगडावर आलं. त्याने पुन्हा पहिल्यापासून फिरवलं.

‘येवढाच हाय?’ त्याने मला विचारलं.

‘हो दादा, एवढंच.’

‘येवढाच घेवाचा व्हता,’ राघो म्हणाला, आणि फूल तिथे ठेवलं.